विंचवाचं बिऱ्हाड चार चाकांवर

फेब्रुवारीत आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि गाळ्या, सात दिवस गाडीतच राहून समुद्रकाठ फिरून आलो. फोटो टाकले तेव्हा एका पुतण्याने विचारलं, "काका, लॉजला पैसे कमी पडले का?" दुसऱ्या एकाचं म्हणणं, "इथे माणसांना फिरायला मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याला कसले फिरवताय!" आणि शाळेपासूनच्या एका मित्राने फोनच केला, "हे परदेशातलं खूळ महाडात कुठून आणलंस रे?"

तिघांनाही एकदमच उत्तर देतो. लांबलंय, चहा घेऊन बसा. आणि शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

आधी खुळाबद्दल. हे खूळ परदेशातून आलेलं नाही. पुरातून आलंय.

२२ जुलै २०२१. महाडकरांना याहून जास्त सांगायला नको. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहायचो. रात्री पाणी अंगणात आलं, पहाटे ओट्यावर, मग वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो आणि जिन्यात बसून आपलंच घर बुडताना पायऱ्या मोजत राहिलो. सात पायऱ्या दिसतायत, सहा दिसतायत, पाच. लाईट नाही, फोन नाही. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला हे आम्हाला फार उशिरा कळलं. आपण एका घरासाठी रडत होतो आणि तिकडे अख्खी वाडीच गेली होती, ही गोष्ट मनातून अजून जात नाही.

पाणी उतरलं आणि गाळ राहिला. तो उपसायच्या तिसऱ्या दिवशी मागच्या बाजूला वाकलेल्या पत्र्याखाली एक पिल्लू सापडलं. रंग कुठला ते धुतल्याशिवाय कळेना. तीन बादल्या पाणी ओतलं तेव्हा तांबूस निघालं. पाणी विकत आणत होतो त्या दिवसांत! बायको म्हणाली, "एवढ्या पाण्यात एक भांडं घासून झालं असतं." पण पुसलं तिनेच, स्वतःच्या ओढणीने. नाव आपोआप पडलं, गाळ्या. काही जण म्हणाले, आपण रायगडाच्या पायथ्याचे, वाघ्या ठेव. मी म्हटलं, नको बाबा. त्या नावावर आधीच पुष्कळ वाद आहेत. हा बिचारा साधा गाळातला आहे.

त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. भरती कधी आहे ते बघायचं, महाबळेश्वरला किती पडला ते बघायचं, पोलादपूरला कुणाला तरी फोन लावून नदी विचारायची. इशारा आला की सगळे पहिलं काम कोणतं करतात? गाडी वरच्या अंगाला, महामार्गाच्या बाजूला नेऊन लावतात. मी पण लावायचो आणि चिखल तुडवत परत घरी यायचो. एका रात्री बायको म्हणाली, "अहो, गाडी वाचवता आणि माणसं परत पाण्यात आणता. मग गाडीतच राहू या की!"

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा गाडीत झोपलो. रस्त्याच्या कडेला, पावसात, बाजूने ट्रक जातायत, काचांवर धुकं आणि मध्ये ओला कुत्रा. झोप कुणालाच लागली नाही. पण पाणी चढतंय का हे बघायला मी एकदाही उठलो नाही. तेवढ्यावरून ठरलं की या गाडीला घरासारखं करायचं. पावसात आसरा म्हणून. उन्हाळ्यात तिच्यातून फिरताही येईल हे नंतर सुचलं.

गाडी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. वापरलेली इको घेतली. सुताराकडून दोन लाकडी पेट्या करून घेतल्या, वर दुमडणारी फळी, फळीवर गादी. पेट्यांमध्ये छोटी शेगडी, भांडी, पाण्याचे दोन कॅन, टॉर्च, औषधं, आणि कागदपत्रांची प्लास्टिकची फाईल. रेशनकार्डापासून घरपट्टीपर्यंत सगळं तिच्यात. गाडीला कुठे काप नाही, वेल्डिंग नाही. आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीची मूळ बांधणी बदलता येत नाही, म्हणून सगळं उचलून बाहेर काढता येईल असंच केलंय. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड, वेल्क्रोने लावलेलं. गाळ्याला पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधली जागा. त्याला ती पटलेली नाही, तो रात्री गादीवरच असतो.

तर आता फिरण्याबद्दल.

टोळ फाट्यावरून आंबेत, तिथून म्हसळा आणि श्रीवर्धन. पहिल्याच मुक्कामात समजलं की आपल्याकडे गाडीत झोपणारा माणूस म्हणजे एकतर ट्रक ड्रायव्हर नाहीतर चोर. किनाऱ्यालगतच्या एका गावात, नाव घेत नाही, पार्किंगचे पैसे घेतले, पावती दिली, आणि संध्याकाळी सांगितलं की रात्री थांबता येणार नाही. का, तर तसा नियम नाही. थांबू नये असा नियम आहे का, तर तसाही नाही. संडासाला कुलूप, चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. पाण्याचा नळ होता, त्याला तोटी नव्हती. बायको मला काही बोलली नाही, पण गाडीचं दार तिने जरा जोरातच लावलं.

शेवटी एका वाडीवाल्या गृहस्थांनी आसरा दिला. त्यांच्याकडे राहायच्या खोल्या होत्या, पण कुत्रा आत चालत नाही म्हणाले. "गाडी वाडीत लावा, विहिरीवरून पाणी घ्या, मागे संडास आहे." दोनशे रुपये घेतले. वर सकाळी पोहे पाठवले. गाळ्याला बघून आत न घेणारे तेच, आणि रात्री त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा घेऊन आलेलेही तेच.

सकाळी त्यांनी वाडी दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच किनाऱ्याला लागलं. सुपारी आडवी, नारळ आडवे, आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारी गेली. सुपारीचं झाड लावलं की हातात पैसा यायला कित्येक वर्षं जातात. "भरपाई झाडामागे मिळते हो," ते म्हणाले, "पण झाडामागे वर्षं किती गेली त्याची कुठे मिळते?" तेव्हाची लावलेली रोपं आता कुठे माणसाच्या डोक्यावर गेलीत. तोवर घर कसं चालतं? तर या पर्यटकांवर. म्हणजे त्या दोनशे रुपयांत नुसतं पार्किंग नव्हतं. हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मी त्यांना महाडच्या पुराचं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे पाणी, आमच्याकडे वारा." मग दोघंही थोडा वेळ गप्पच उभे राहिलो.

हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो. पलीकडे वेसवी, बाणकोट. मध्ये खाडी. खाडीत पुलाचे अर्धवट खांब वर्षानुवर्षं उभे आहेत, त्यांच्यावर पक्षी बसतात. माणसं आणि गाड्या फेरीबोटीने जातात. गाळ्या आयुष्यात पहिल्यांदा बोटीत चढला. पाय ताठ, शेपूट आत, आणि डोकं बायकोच्या मांडीवर.

बायको कठड्याला धरून पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "ही कुठली नदी?"

मी म्हटलं, "आपलीच. सावित्री."

महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली उतरते, महाडला गांधारीला पोटात घेते, दासगाव, आंबेत करत करत इथे समुद्राला मिळते. आपण शाळेत पाठ केलंय. पण पाठ करणं वेगळं आणि बोटीवर उभं राहून बघणं वेगळं. जुन्या काळी याच वाटेने गलबतं बाणकोटवरून आत दासगाव, महाडपर्यंत यायची. मीठ, मासळी वर जायची, घाटावरचा माल खाली यायचा. महाड हे एकेकाळी बंदर होतं हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील. आता आपल्याला समुद्राची आठवण फक्त पावसात येते, भरती लागली की पुराचं पाणी उतरत नाही तेव्हा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल गेला. दोन एसट्या गेल्या. नंतर कित्येक दिवस शोध नदीतून खाडीत, खाडीतून समुद्रकाठी चालू होता. तो सगळा शोध म्हणजे हेच पाणी. बायकोच्या मनात तेच आलं असणार. पण बोलली वेगळंच. "आपली ती पत्र्याची ट्रंक वाहून गेली ना, लग्नाचे फोटो होते ती, ती इथूनच गेली असेल." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गाळ्याने डोकं वर करून तिच्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवलं.

आता माझी चूक सांगतो. चूक सांगायची म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं म्हणा.

वेसवीवरून बाणकोट, तिथून वेळास. नाना फडणवीसांचं गाव, पण आता ते ओळखलं जातं कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. मागे वळून बघतसुद्धा नाहीत. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे खायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून इथे काम सुरू केलं, गावाने साथ दिली. सापडलेली अंडी कुंपणातल्या वाळूत नेऊन पुरतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. ते बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. गावाला चार पैसे मिळतात. एवढं सगळं मला माहीत होतं. वाचलेलं होतं.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाळ्याचा पट्टा सोडला.

किनारा मोकळा, कुणी नाही. तीन दिवस गाडीत अवघडलेलं जनावर, जरा पळू दे म्हटलं. तो सुटलाच. लाटांवर भुंकला, खेकड्यामागे धावला, आणि मग वर सुक्या वाळूत एका जागी थांबून नाक खुपसलं. मी हसत होतो. मोबाईल काढला. पुढच्या पायांनी त्याने वाळू उडवायला सुरुवात केली आणि मी ते शूट करत होतो.

लांबून ओरडणं आलं, "ओ काका! कुत्रा धरा! कुत्रा धरा आधी!"

वीस-बावीस वर्षांचा मुलगा, हातात काठी, धावत आला. रात्रीच्या भरतीनंतर मादी कुठे येऊन गेली ते बघत किनाऱ्याने चालत निघाला होता. मी गाळ्याला ओढलं. मुलगा गुडघ्यावर बसला, हाताने वाळू बाजूला केली. आत पांढरी, गोल, चेंडूसारखी अंडी. गाळ्याचं नख जेमतेम वीतभर वर थांबलं होतं.

आणि मी काय बोललो असेन? "आमचा कुत्रा पाळीव आहे, त्याला सगळ्या लशी दिलेल्या आहेत."

तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, अंड्यांना लशीचं काय?"

मला काही उत्तर देता आलं नाही. पुढे तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "कुत्रा चांगलाय हो तुमचा. आम्हाला काठी टोचून टोचून शोधावं लागतं ते याला नाकाने कळतं. म्हणून तर भीती."

त्याने अंडी एक एक करून काढली. शंभराच्या वर भरली. आम्ही दोघं लांब उभे, गाळ्या दोरीला. तो शेपूट हलवत होता. त्याच्या दृष्टीने त्याने सकाळी मोठं काम केलं होतं. मी मोबाईलमधला तो व्हिडिओ तिथेच पुसून टाकला.

मित्रांनो, त्याआधी दोन दिवस मी मनातल्या मनात एक पोस्ट लिहीत होतो. कुत्र्याला कुणी आत घेत नाही, लोकांना भूतदया नाही, पर्यटन पर्यटन म्हणतात आणि नळाला तोटी नाही, वगैरे. त्यातलं बरंचसं खरंच आहे. पण मला जागा हवी, पाणी हवं, कुत्र्याला मान हवा, आणि त्या किनाऱ्यावर आधीपासून कोण राहतं याचा विचार करायला मात्र मला वेळ नव्हता. मुंबई-पुण्याची माणसं आपल्या रायगडावर बाटल्या टाकून जातात तेव्हा आपण जे बोलतो, ते सगळं त्या सकाळी मला लागू होतं.

पुढचं भराभर सांगतो. केळशी, आंजर्ले, कड्यावरचा गणपती. गाळ्या आता सतत दोरीवर. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला. सुवर्णदुर्गावर ऊन उतरलेलं, बोटी लागतायत, टोपल्या उतरतायत, आणि भाव असा ओरडतात की आपल्याला एक शब्द कळत नाही आणि व्यवहार मात्र पूर्ण होतो. एका कोळणीने गाळ्याला दोन बांगडे टाकले आणि मला म्हणाली, "दादा, याला सोडून जाऊ नको हां इथं." मला आधी कळलंच नाही. मग तिने बोट दाखवलं. जाळ्यांच्या ढिगापाशी एक लॅब्रॅडोर पडला होता, गळ्यात चांगला चामडी पट्टा. गाडीतून आले, किनाऱ्यावर खेळले आणि त्याला ठेवून गेले, असं ती सांगत होती. गावातल्या कुत्र्यांनी त्याला जवळ घेतलेलं नाही.

गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टात भटक्या कुत्र्यांवरून एवढं रान उठलं, सगळा देश दोन पार्ट्यांत वाटला गेला. कुत्रेवाले आणि कुत्र्याविरुद्धवाले. मी अर्थातच कुत्रेवाला. पण त्या लॅब्रॅडोरकडे बघून वाटलं, आपल्यातलेच काही जण भटकी कुत्री तयार करतात, त्यांचं काय? हंगामात किनाऱ्यावर चिकनची हाडं टाकायची, दहाची पन्नास कुत्री करायची, आणि पावसाळ्यात पर्यटक गेले की ती उपाशी टोळी गावातल्या पोरांच्या आणि कासवांच्या वाट्याला द्यायची. याला मी तरी भूतदया म्हणणार नाही.

येताना दापोली, खेड, भरणे नाका, आणि कशेडीचा बोगदा. जिथे पाऊण तास वळणं घेत, ओकत-उलटत यायचो तो घाट आता बोगद्यातून दहा-पंधरा मिनिटांत संपतो. चांगलंच झालं. पण पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा गाड्या आपल्या समोरून नुसत्या सूं सूं जात होत्या. कुणाला थांबायचंच नाही. महाड-पोलादपूर म्हणजे गोव्याला जाताना लागणारं एक नाव, फार तर एक लघुशंकेचा थांबा. आणि आपल्याकडे काय नाही? रायगड आहे, शिवथरघळ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आहे, गांधारपाल्याची लेणी आहेत, सवचे गरम पाण्याचे झरे आहेत, आणि ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी सत्याग्रह केला ते चवदार तळं आहे. तळ्याच्या लढ्याची तुलना माझ्या पार्किंगशी करण्याइतका मी निर्बुद्ध नाही. पण "सार्वजनिक" या शब्दाला किंमत किती असते हे साऱ्या देशाला ज्या गावाने दाखवलं, त्या गावात आज परगावच्या माणसाला एक स्वच्छ सार्वजनिक नळ दाखवायचा तर आपण कुठे बोट दाखवणार? मला सांगा.

आता मुद्द्याचं.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घरासारख्या गाड्या, त्या लावायला पार्क, तिथे पाणी, वीज, शौचालय. हॉटेलं नाहीत किंवा बांधता येत नाहीत अशा ठिकाणी हे करावं, असा विचार. कागदावर चांगलंच आहे. सात दिवसांत मला असं एकही ठिकाण लागलं नाही. मला तसलं मोठं काही नकोही आहे.

माझं म्हणणं साधं आहे. महाडला एक आणि पोलादपूरला एक अशी सपाट, उंचावरची जागा हवी. तीस-चाळीस गाड्या लागतील एवढी. दोन संडास, दोन मोऱ्या, पाण्याची टाकी, दोन दिवे, एक कचऱ्याची जागा, एक राखणदार. रात्रीला ठरावीक शुल्क, पावतीसकट.

उन्हाळ्या-हिवाळ्यात तिथे फिरणारे थांबतील. शुल्क येईल. बचत गटाच्या बायकांनी सकाळी घावणे-चटणी आणि रात्री पिठलं-भाकरी दिली तर गावात पैसा फिरेल. शाळेच्या सहली येतात रायगडाला, त्यांच्या बसेसना जागा होईल.

आणि जून ते सप्टेंबर? इशारा आला की तीच जागा आपली. गाड्या तिथे. म्हातारी माणसं तिथे. गुरं, कुत्री, मांजरं तिथे. संडास तयार, पाणी तयार, दिवा तयार. आज आपण महामार्गाच्या कडेला ट्रकांच्या वाऱ्यात उभे राहतो, बायाबापड्यांना आडोसा नसतो, म्हणून कित्येक जण "बघू जरा वेळाने" म्हणत घरातच बसतात, आणि मग पायऱ्या मोजतात. एरवी रिकामा पडून गंजणारा निवारा बांधण्यापेक्षा वर्षभर वापरात असलेली जागा पुराच्या रात्री उपयोगी पडेल. कुलूप उघडं असेल आणि चावी कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असेल. त्या गावातलं कुलूप बघून मला हेच सुचलं.

"होणार नाही" म्हणणाऱ्यांना एक आठवण. सावित्रीचा नवा पूल सहा महिन्यांच्या आत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. त्याच महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि आपली पाठ अजून खड्डे मोजतेय. दोन्ही आपल्याच डोळ्यांसमोर झालं. तेव्हा होतं की नाही हा प्रश्नच नाही. किती जण मागे लागतात, एवढाच आहे.

कुत्रेवाल्या मित्रांसाठी वेगळं दोन ओळींत. आपल्याला आत घ्यावं असं वाटत असेल तर आधी आपण नीट वागायचं. दोरी कायम. रेबीजच्या लशीचं कार्ड गाडीत. त्याची घाण आपण उचलायची, लाजायचं नाही. भर उन्हात बंद गाडीत त्याला ठेवून जेवायला जायचं नाही, गाडी भट्टी होते. कासवांच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे कुत्रा मोकळा सोडायचा नाही, आणि गावाने आणूच नका म्हटलं तर वाद घालायचा नाही. आणि नेलेला कुत्रा परत आणायचा. हे लिहावं लागतंय याचीच लाज वाटते.

राहता राहिली सावित्री. गाळ काढा, गाळ काढा म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडतोय, ते ओरडत राहूच. दासगावच्या भरावाचं बोलत राहू. पण बागमांडल्याच्या त्या धक्क्याला लागलेला प्लास्टिकचा पट्टा मी बघितलाय. पिशव्या, थर्माकोल, चपला. त्यातलं सगळं महाडचंच असं मी म्हणत नाही. पण नदी वरून खाली वाहते आणि वर आपण राहतो. खालच्या अंगाला कोण राहतं ते मी बघून आलोय.

ज्याने लॉजच्या पैशांबद्दल विचारलं त्याला सांगतो, सात दिवसांचा खर्च लॉजपेक्षा कमीच आला. पण बचत म्हणून हे केलेलं नाही. पाचव्या रात्री आंजर्ल्याला थोडं ढग भरून आलं, गडगडलं. महाडात असं झालं की बायको उठून बसते, आणि पुरानंतर गाळ्या पलंगाखाली जातो. त्या रात्री दोघंही झोपून राहिले. मी जागा होतो, बघत होतो. टपावर चार थेंब वाजले आणि गेले. तिने झोपेतच विचारलं, "पाणी येतंय का?" मी म्हटलं, "समुद्र आहे, झोप." आणि ती झोपली.

एवढ्यासाठीच गेलो होतो म्हणा.

आता तुमचं काम. १ मेला गावोगावी ग्रामसभा आहेत. आपल्या गावात वरच्या अंगाला, पाणी चढत नाही अशी सरकारी किंवा गावाची कोणती जागा आहे, रस्त्यापासून किती लांब आहे, तिथे पाण्याची सोय आहे का, एवढं लिहून मला पाठवा आणि ग्रामसभेत विषय मांडा. महाड नगरपालिकेसाठी आणि पोलादपूर नगरपंचायतीसाठी अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, हवा त्याने मागून घ्या. माझं नाव खाली नको, तुमचं घाला. पक्ष कुठलाही असू दे.

जूनला फार दिवस उरलेले नाहीत. गादी उन्हात टाकलीय, पाण्याचे कॅन धुऊन ठेवलेत. गाळ्या गाडीखाली सावलीला झोपलाय.